आधी दांडा

तोम्स्कमध्ये जानेवारीत थुंकी जमिनीवर पडेपर्यंत टणक होते,
असं म्हणतात. मी करून पाहिलेलं नाही.
मी असते तळघरात, जिथे खिडकी नाही,
आणि रोज तांबं उडताना पाहते.
पाहते म्हणणं चूक. ते कोणालाच दिसत नाही.

आधी भरणं.
जाळीमागे रांगेने कपॅसिटर, हिरव्या लोखंडी पेट्या,
एकीच्या कडेला एरंडेलाचा जुना ओघळ.
आजाऱ्याला चमच्याने पेज भरवावी
तशी वीज त्यांच्या पोटात जाते.
नव्वद सेकंद. काटा चढतो.
हजार. दोन हजार. तीनला राविल गबितोविच टोपी काढतो,
का, ते त्यालाही आठवत नाही.

मग मी बटण दाबते
आणि नव्वद सेकंदांची पुंजी
पापणी हलायच्या आत खर्च.
आवाज कानात होत नाही, दातांत होतो.

मधल्या वेळात काय घडलं
ते तैसिया येगोरोव्ना फळ्यावर काढून दाखवते:
तांब्याची नळी, तिच्या मधोमध तांब्याची कांब,
दोघींमध्ये ठिणगी.
ठिणगीतून जाणारी वीज
स्वतःभोवती चुंबकाचं कडं रचते
आणि ते कडंच तिला पुढे लोटतं,
घरच्यांनीच उंबऱ्याबाहेर काढावं तसं.
जाता जाता नळी आपली आतली कातडी सोलून देते.
तीच वितळते, तीच उडते,
बंदुकीच्या गोळीला मागे टाकते
आणि समोरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर जाऊन बसते.
दर आठवड्याला आम्ही नळी मोजतो.
दर आठवड्याला ती थोडी रुंद झालेली असते.

ॲल्युमिनियम भारी लाजरं.
उघडं पडलं की त्याच क्षणी
ऑक्साइडचा पदर ओढून घेतं.
समजावून सुटत नाही, घासून सुटत नाही.
तांबं त्या पदरासकट आत घुसतं.
मुलामा वरून देतात, असं मी इथे येईपर्यंत समजत होते.

पट्ट्या जातात चुलीम नदीकाठच्या उपकेंद्रांत.
तिकडे तांबं आणि ॲल्युमिनियम
एका बोल्टखाली नांदत नाहीत.
आधी धुसफुस, मग ऊब, मग जळका वास,
मग चाळीस घरं अंधारात.
त्यातलं एक घर राविलच्या आईचं.
हे त्याने सांगितलं नाही. पत्त्याच्या यादीत
एका गावाच्या नावाखाली
त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती.

चाचणीच्या दिवशी लेपावर गोंदाने खुंटी चिकटवली
आणि यंत्राने ओढली, ओढली.
तुटला तो गोंद.
तांबं होतं तिथेच होतं.
आम्ही टाळ्या पिटल्या. तैसिया पिटेना.
म्हणाली, आपल्याला गोंद किती धरतो तेवढंच कळलं.
तांब्याचं अजून माहीत नाही.
आणि वहीत तसंच लिहिलं.

शॉट झाला की शांतता फार मोठी होते.
तिच्यात राविलचा आवाज: उल्याना, आधी दांडा. मग दार.
लांब दांडा, टोकाला पितळी आकडा, मागे जमिनीला जाणारी तार.
एकेका पेटीला टेकवायचा.
मग थांबायचं. मग पुन्हा टेकवायचा.
रिकामी झाली की, मी पहिल्या दिवशी विचारलं.
तो म्हणाला, रिकामी झालेली पेटी सोडून दिलीस
तर आतून काहीतरी परत वर येतं.
तेलाला आठवत असतं.
त्याच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत.
मी पुढे विचारलं नाही.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. केक, दोन भाषणं,
आणि दांडा त्याने माझ्या हातात दिला
तो हस्तांतराच्या कागदावर सही घेऊनच.

आता तो आईच्या गावी.
काल रात्री फोन आला.
मी विचारलं, दिवे आहेत का.
आहेत, म्हणाला. मांजर दारात अडकलंय, एक मिनिट.
दार लागल्याचा आवाज. मग खोकला.
मग, जसं काही त्यासाठीच फोन केला होता,
दुसऱ्यांदा टेकवतेस ना?

टेकवते, म्हटलं.
आज टेकवताना आकड्याच्या टोकाशी
तीळभर निळं काहीतरी चटकलं.